हडळ चहाच्या टपरीवर भेटली

लहानपणी आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावी गणपतीत व्हिडिओ यायचा. भाड्याचा कलर टीव्ही, व्हीसीआर, दोन रुपये तिकीट, आणि रात्री बारानंतर हमखास रामसेंचा भुताचा सिनेमा. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मी तिथंच पाहिला. त्यानंतर आठवडाभर रात्री लघवीला एकटा उठलो नाही. हे वेड अजून गेलेलं नाही. पुढं कळलं की रामसे म्हणजे एक अख्खं घर होतं. वडील निर्माते, सात भाऊ. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडवर, अर्जुन एडिटिंगला. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरात मुक्काम ठोकून घरच्याच माणसांत काढला. तुलसी २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला. एकदा भेटून ‘तुमच्यामुळं माझी झोप गेली’ एवढं सांगायचं होतं, ते राहिलं.

म्हणून जानेवारीत साडभाऊचा फोन आला, ‘भुताचं नाटक आहे गावात, कंपनीवाले ओळखीचे आहेत, येऊन जा,’ तेव्हा दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

साडभाऊचं गाव वडशापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत. वडसा म्हणजेच गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. स्टेशनचं नाव वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, बसच्या पाटीवर दोन्हींपैकी काहीही, गोंधळू नका. गोंदिया किंवा चंद्रपूरकडून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची. नागपूरहून एसटी: उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. चार तास धरून चाला. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तेव्हा जुन्या माणसाच्या सल्ल्यावर स्टेशनात जाऊन बसू नका.

झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या पट्ट्यातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम दिवाळीनंतर मंडईपासून (गावची जत्रा, भाजीची मंडई नव्हे) लागतो तो होळीपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशातच आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन तारीख घेतं. तुमच्या ओळखीचं कोणी नसलं तरी वडशात उतरून पोस्टर वाचा, ऑफिसात विचारा, आज कुठं काय आहे ते सांगतात. पोस्टरवर भूत दिसलं म्हणजे नाटकात भूत असेलच असं मात्र नाही. आधी विचारून घ्या.

आता महत्त्वाचं. नाटक करणाऱ्यांना भेटायचं असेल तर आठच्या आत पोहोचा. नंतर कोणाला बोलायला सवड नसते, आणि पहाटे तर माणसं उभ्या उभ्या झोपतात. जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका. मी गरम आलूबोंडे नेले होते, त्यानं ग्रीनरूमचं दार उघडलं. दार म्हणजे चादरच.

आत मेकअपवाला एका बाईच्या तोंडावर लाल रंगानं रेघा ओढत होता. डोळ्यांखाली, गालफडांवर, ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीपर्यंत. मला वाटलं जखमा. तो म्हणाला, ‘मोबाइलची बॅटरी लावा जी.’ मग टॉर्चसमोर लाल जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढं लावायचा रंगीत पारदर्शक कागद, धरला. रेघा गायब! चांगली गोरीगोमटी सूनबाई समोर बसलेली. लाल काढून हिरवा धरला, आणि त्याच रेघा काळ्याकुट्ट होऊन उठल्या, गाल आत गेले, डोळ्यांच्या खाचा झाल्या. बाई हललीसुद्धा नव्हती. मी मागं सरकलो ते मागच्या ट्रंकेवर आदळलो.

लाल उजेडात लाल रंग आणि कातडी सारखीच उजळ दिसते, हिरव्या उजेडात लाल काळा पडतो. एवढंच आहे. १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ या हॉलिवूडपटात चेहरा पालटताना हीच युक्ती होती. तिथं कॅमेऱ्यासमोर रंगीत काचा फिरवल्या, सिनेमा कृष्णधवल असल्यामुळं पडद्यावर पत्ता लागला नाही. मेकअपवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, ‘मले तं माह्या उस्तादानं शिकवलं.’ नाटकाचं नाव मुद्दाम देत नाही, युक्ती फुटेल.

लाइटवाला वयस्क होता. जुन्या काळी डिमर कसा असायचा ते त्यानं सांगितलं. मिठाच्या पाण्याचं मडकं, त्यात दोन पत्रे, एक तळाला आणि एक दोरीला. वरचा खाली सोडला की स्टेज उजळतं, ओढून घेतला की अंधारत जातं. ‘शॉकही बसे,’ म्हणाला आणि पुढच्या वायरीकडं वळला. आता बटणांचा डबा आहे, पण गडगडाटाला तो अजून पत्राच हलवतो. रेकॉर्डिंगचा गडगडाट त्याला पटत नाही. मलाही नाही.

लेखक-दिग्दर्शक एकच. त्याला मी विचारलं, तुमच्या नाटकांत म्हातारी चेटकीण का नसते? रामसेंकडं तांत्रिक, शापित हवेली असा माल भरपूर. तो म्हणाला, ‘आमच्याकडं करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांले मारते लोक. स्टेजवर करणीवाली दाखवली तं उद्या घरी जाऊन शेजारच्या बुढीकडं कोणत्या नजरेनं पाहतील?’ महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, हे त्यानं मला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याचं भूत म्हणजे छळून मारलेली सून. तिच्यावर संशय घेऊन बिचाऱ्या कुणाला मार पडत नाही. तीस वर्षं भुताचे सिनेमे पाहून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

बसायची व्यवस्था सांगतो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत माती एका टोकाला ओढून स्टेज, समोर उतार. पुढं जमीन, मागं खुर्च्या. भुतासाठी जमिनीवरच बसा. खाली तणीस (धानाचं वाळलं काड), वर सतरंजी, अंगावर ब्लँकेट. स्वेटरवर भागणार नाही, दोननंतर दव पडतं. सुटे पैसे ठेवा, गर्दीत नेटवर्क बसतं. बायकांनी साडभाऊसारखं कुणाचं घर जवळ आहे का ते आधीच पाहून ठेवावं, मैदानावर सोय नव्हती.

नाटक अकराच्या पुढं सुरू झालं. आधी गाणी, मग विनोदी पात्र, परत गाणी. समोर ऑर्गन-तबला, विंगेतून प्रॉम्प्टर जवळजवळ प्रत्येक वाक्य पुढं ढकलतोय; आमच्या कोपऱ्यात त्याचं वाक्य आधी आणि नटाचं नंतर ऐकू येत होतं. दीडपर्यंत भुताचा मागमूस नाही. मी कंटाळून चहाला उठलो.

टपरीवर काळोखात पांढऱ्या लुगड्यातली बाई शाल लपेटून उभी. हातात ग्लास. ‘साखर कमी टाका भाऊ,’ म्हणाली. मी ओळखून हसलो, तीही हसली, अन् नेमका टपरीवाल्याचा हिरवा बल्ब तिच्या तोंडावर! चहा माझ्या पायावर सांडला. पुढच्या मिनिटाला दिवे गेले, तिनं शाल टपरीवाल्याच्या हातात दिली आणि प्रेक्षकांच्या मागून ओरडत निघाली. अख्खं मैदान उलटं वळलं. पोरं आयांच्या पदरात, म्हातारे काठ्या घेऊन उभे. एंट्री मागून होती! मी सोडून सगळ्यांना समोरून दिसली.

शेवट मात्र फुसका. इन्स्पेक्टर येतो, सगळं समजावून सांगतो. लेखकाला मी तसं बोललो. तो म्हणाला, मंडळाला तसाच लागते.

पाचला पडदा पडला. अंधारात मोटरसायकलवर एकटे निघू नका, हा भाग वाघांचा आहे. साडभाऊनं उजाडेस्तोवर हलू दिलं नाही. कंपनीच्या गाडीत ती बाई काचेला डोकं लावून झोपली होती, रेघा तशाच. उन्हात नुसत्या लाल रेघा. त्यांची पुढची तारीख कुरखेड्याकडं होती.

परतीच्या एसटीत ब्रह्मपुरी सुटताच डोळा लागला. नागपूरला उतरताना शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘भिवापूरजवळ तुम्ही केवढ्यानं ओरडले जी!’