खंड्या आणि ‘हॅल्सियन’

आज सकाळी कालव्यावरच्या तारेवर खंड्या बसला होता. चॉकलेटी डोकं, पांढराशुभ्र गळा, लालभडक चोच. सपकन खाली आला आणि नाकतोडा घेऊन परत तारेवर! घरी येऊन पुस्तक उघडलं तर शास्त्रीय नाव हॅल्सियन स्मर्नेन्सिस. अरे, इंग्रजीतल्या ‘हॅल्सियन डेज’मधला तो हाच!

ग्रीक कथेत अल्सिओनीचा नवरा समुद्रात बुडतो आणि मग दोघांचे खंड्या होतात. ती ऐन हिवाळ्यात समुद्रावरच्या तरंगत्या घरट्यात अंडी उबवायला बसते तेव्हा तिचा बाप इओलस, वाऱ्यांचा धनी, १४ दिवस वारे कोंडून ठेवतो. म्हणून हॅल्सियन म्हणजे शांत, सुखाचे. बहुतेकदा मागे पडलेल्या दिवसांबद्दलच म्हणतात. आपला खंड्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो, ते वेगळं. पण लेकीसाठी वारा अडवून धरणारा तो बाप दिवसभर डोक्यातून जात नाहीये.