आधी ‘क्लिअर स्पॉट’च का?

कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकन रॉक गायकाचं नाव निघालं की जाणकार त्याचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम सुचवतात. मी मात्र ज्याला त्याला त्याचाच ‘क्लिअर स्पॉट’ ऐकायला देतो. मग प्रश्न येतो, कधी कुतूहलाने, कधी जरा नाराजीने: “पण तो तर खपावा म्हणून केलेला अल्बम ना? आम्हाला सोपा का देता?” तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

बीफहार्ट म्हणजे डॉन व्हॅन व्लीट. कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटातल्या लँकेस्टर गावात तो वाढला. रॉक संगीतकार फ्रँक झॅपा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बीफहार्टचा आवाज हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाच्या वळणाचा: खर्जात घरघरणारा आणि पुढच्याच ओळीत चिरकत वर जाणारा. 1969 चा ‘ट्राउट मास्क’ झॅपानेच प्रोड्यूस केला. दोन तबकड्या, 28 रचना. व्लीटला पियानो येत नव्हता, तरी त्याने पियानोवरच धुना काढल्या. जॉन फ्रेंच या ड्रमरने त्या कागदावर उतरवून घेतल्या आणि बँडच्या पोरांनी एका घरात अर्धपोटी राहून महिनोन् महिने त्या घोटल्या. त्यात प्रत्येक वाद्य आपापल्या मात्रांनी चालतं. मला तो अल्बम फार प्रिय आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, जो तो मनाला येईल ते वाजवतोय. खरं तर सगळं सुरासुराने बसवलेलं आहे, आणि हे कानाला पटवून देण्याचं काम ‘क्लिअर स्पॉट’ करतो.

तो आला 1972 मध्ये. प्रोड्यूसर टेड टेंपलमन, म्हणजे डूबी ब्रदर्स या रॉक बँडचे अल्बम करणारा आणि पुढे व्हॅन हेलन या बँडचे करणारा माणूस. आवाज स्वच्छ आणि भरदार कसा ठेवायचा हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने वाद्यांमध्ये अंतर ठेवलं. आधी जी गिटार गर्दीत चेंगरत होती तिची एकेक तार आता सुटी ऐकू येते. वादक बरेचसे जुनेच: बिल हार्कलरोड, ज्याला बीफहार्टने झूट हॉर्न रोलो असं नाव दिलं होतं, बास सोडून इथे गिटार हातात घेतलेला मार्क बॉस्टन, ड्रम आणि मारिंबावर (लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आर्ट ट्रिप. ‘लो यो यो स्टफ’ लावा. पाय लगेच ठेका धरेल. मग फक्त गिटारींकडे लक्ष द्या: एक जिथे श्वास घेते तिथे दुसरी आपला तुकडा टाकते, आणि दोघींचे तुकडे असे तिरपे कापलेले की सम नक्की कुठे आली ते पुन्हा मागे जाऊन ऐकावं लागतं. वाकडेपणा सगळा तिथेच आहे. फक्त आता त्यावर उजेड पडलाय.

‘टू मच टाइम’बद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. ब्रास, मागे बायकांचा कोरस, सरळसरळ सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण लोकप्रिय संगीताचं गाणं. अनेक कडव्या चाहत्यांना हेच खुपतं. मध्येच बीफहार्ट गाणं सोडून बोलायला लागतो: रात्र झालीय, थोडी भूक लागलीय, शिळे बीन्स गरम करतो, सार्डिनचा डबा उघडतो, बिस्किटं खातो आणि कुणीतरी आपल्यासाठी रांधतंय असं स्वप्न बघतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नोकरीचं पहिलं वर्ष होतं, ठाण्यात एका खोलीत एकटा राहायचो. रात्री अकराला सकाळचा भात तव्यावर परतत होतो. गॅस बंद केला आणि गाणं संपेपर्यंत तसाच ओट्याला टेकून उभा राहिलो. हे कुणी विक्रीसाठी लिहिलं असेल, असं मला त्या दिवसापासून आजपर्यंत वाटलेलं नाही.

आणि खपण्याचंच म्हणाल, तर ‘क्लिअर स्पॉट’ खपलाही नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात बाजारात आला आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या खपाच्या यादीत तळाशीच राहिला. बाजारासमोर वाकलेला बीफहार्ट ऐकायचा असेल तर 1974 चा ‘अनकंडिशनली गॅरंटीड’ ऐका. तिथे वादकांचे हात बांधलेले ऐकू येतात, आणि त्यानंतर ते सगळे त्याला सोडून गेले. हे दोन अल्बम एकाच खात्यात टाकले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. सोपं करणं आणि पातळ करणं यांतला फरक कानाने तपासायचा तर दोन्ही एका बैठकीत ऐकावेत.

‘हर आइज आर अ ब्ल्यू मिलियन माइल्स’ तुम्ही कदाचित ‘द बिग लेबोव्स्की’ या सिनेमात ऐकलं असेल. साधं, हळवं प्रेमगीत. ते आवडेलच, त्यावर वेगळं सांगत नाही.

त्याच्या पुढचंच ‘बिग आइड बीन्स फ्रॉम व्हीनस’ मात्र हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका. गाणं भरधाव चाललेलं असताना बीफहार्ट थांबतो आणि हार्कलरोडला नावाने हाक मारून सांगतो: तो लांब, चांद्र सूर लाव आणि तरंगू दे. मग गिटारचा एकच सूर निघतो. इतकी वाद्यं हाताशी असताना सगळा बँड त्या एका सुराला वाट करून देतो. तो हवेत ताणत जातो, आणि मग सगळे पुन्हा त्यावर येऊन आदळतात.

तेवढं झालं की ‘ट्राउट मास्क’ लावा. त्यातही गिटारवर हाच माणूस आहे, तेव्हा जेमतेम विशीचा.