झिओलाइट, कूलर आणि तर्री पोहे
दिवसभर कूलरच्या घरघरीत स्क्रीनवर सिलिकाचे अणू बघत बसले. झिओलाइट म्हणजे सिलिकापासून बनलेलं, अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिज. त्याचा स्फटिक भट्टीत बनायला तास, कधी दिवस लागतात; संगणकावरच्या सिम्युलेशनची एक पायरी मात्र फेम्टोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग! म्हणून मशीन लर्निंग. क्वांटम गणितावर शिकवलेलं मॉडेल अणूंमधली बलं झटपट सांगतं. मग साच्यासारख्या सेंद्रिय रेणूभोवती अणूंच्या कड्या जुळतात, तुटतात, परत जुळतात. मला तर ते तुटणंच बघायला जास्त आवडतं. संगणकावर लाखो सच्छिद्र रचना शक्य, प्रत्यक्षात सापडलेल्या वा बनलेल्या २५०च्या आसपास. बाकीच्या काऊन बनत नाहीत, हाच तर सगळा घोळ.

संध्याकाळी पोह्यांवर तर्री ओतत मैत्रीण म्हणाली, "पण उपयोग काय याचा?" म्हटलं, बऱ्याच धुण्याच्या पावडरींत असतं, पाणी मऊ करायला. कोळशाच्या राखेपासूनही बनवता येतं.

"मग राख तर आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रात बम आहे न!"