साग, पत्रा आणि एमजी : रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजची वाटचाल

वडिलांनी रत्नागिरीत गॅरेज काढलं ते अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या कामासाठी. मिरकरवाड्याच्या बोटींची डिझेल इंजिनंही यायची. आज त्याच शेडमध्ये आम्ही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलतो आणि पुन्हा उभ्या करतो. असलं काम मुंबई-पुण्याचं, रत्नागिरीत कसं जमतं, असं लोक विचारतात. जमतं, कारण त्याला लागणारे हात इथे आधीपासून होते.

अँबेसिडरचंच घ्या. ती मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. १९५५ साली आलेल्या एमजीए या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीतही त्याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं, जोडीला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर आणि जास्त ताकद. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, तेव्हा हे नातं घरातलंच. वडिलांच्या हाताखाली अँबेसिडरचे व्हॉल्व लावून मोठा झालेला मेकॅनिक एमजीएचं बॉनेट उघडून बुजत नाही.

पण आमची खरी सुरुवात एमजीएने झाली नाही, एमजी टीसीने झाली. पावसच्या बाजूला एका बागायतदारांच्या पडवीत, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे ती उभी होती, १९४७ सालची. टीसी १९४५ ते १९४९ या काळात जेमतेम दहा हजार बनल्या, सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. १२५० सीसीचं इंजिन, १९ इंची स्पोकची चाकं, मागच्या बाजूला बिजागरी असलेले दरवाजे, पुढे पालथी पाडता येणारी काच. ड्रायव्हरसमोर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, तर वेगाचा काटा शेजारच्या माणसासमोर! वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घेऊया." ती आजही आमच्याच मालकीची आहे. बऱ्याच जणांनी मागितली, पण ती विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे.

टीसीची चासी लोखंडी असली तरी बॉडीचा सांगाडा लाकडाचा असतो. अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा चढवून, कडेला दुमडून खिळ्यांनी बसवलेला. समुद्राकाठी हीच जागा घातक ठरते. खारी हवा लाकडात ओल धरून ठेवते, आणि ती ओल पत्र्याला आतून खाते. बाहेरून रंग ठीक दिसतो, दरवाजाच्या तळाशी बोट दाबलं की आत जातं. आमच्या गाडीत शिवाय वाळवीही लागली होती. मागच्या चाकाच्या कमानीचं लाकूड हातात चुरा होऊन आलं.

इथे आमच्या मदतीला तात्या आले. तात्या होड्या बांधणारे सुतार. आता फायबरच्या बोटी आल्या, लाकडी होडीचं काम कमी झालं, पण नजर तीच. कमानीचे नमुने मी प्लायवर काढून दिले. त्यांनी फळी कापायला नकार दिला. आधी वखारीत फिरून मुळातच वाक असलेला साग शोधला, म्हणजे रेषा कमानीबरोबर वळतात आणि तुकडा आडवा मोडत नाही. होडीच्या फासळ्या ते अशाच निवडत आले आहेत. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वाळवी लांब राहते, पण त्याच तेलामुळे सरस नीट धरत नाही. म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक सांधा थिनरने पुसायचा आणि लगेच इपॉक्सी लावायचा. स्क्रू पितळी. पत्रा चढवण्याआधी लाकडाला सीलर, पत्र्याच्या आतल्या बाजूला झिंक प्रायमर. दरवाजे बसवताना गाडी तिच्या चाकांवर, बॉडी चासीला बोल्टने आवळलेली हवी. घोडीवर ठेवून बसवलेला दरवाजा खाली उतरवल्यावर घासणारच. तात्या रंध्याचा एक हात मारत, दरवाजा लावून बघत, पुन्हा एक हात. मला तर दुकानात विकत मिळणाऱ्या कुठल्याही तयार भागापेक्षा ती चौकट मोलाची वाटते.

इंजिनाची गंमत वेगळी. टीसीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. कारण मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस हा फ्रेंच मूळ असलेला इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, आणि इंग्लंडभर पाने मात्र व्हिटवर्थ. त्यातही हे आटे बारीक. आठ मिलिमीटरच्या बोल्टला एक मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बाजारातल्या बोल्टला सव्वाचा. बाजारचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो, आणि कुणी जोर लावला तर ब्लॉकचे आटे खलास. आमच्या ब्लॉकवर आधी असा जोर लावून झालेला होता. ती भोकं दुरुस्त करून योग्य बोल्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतले. आंबा घाट चढला की कोल्हापूर, आणि ओतकाम व टर्निंगसाठी त्यासारखं गाव नाही. काही भाग इंग्लंडहून येतात, पण मूळ ब्लॉक, मूळ गिअरबॉक्स टाकून दुसरं बसवायचं आम्ही कटाक्षाने टाळतो. गाडीची ओळख तिथे असते.

तयार गाडीची परीक्षाही आंबा घाटातच. चढताना रेडिएटर, उतरताना ब्रेक. गाडी घाटात तापली नाही आणि ब्रेक एका बाजूला ओढले नाहीत, तरच मालकाला फोन जातो.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराने धंद्याला वळण दिलं. चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. बहुतेक साध्या होत्या, पण एका घरातली जुनी स्टँडर्ड हेराल्डही आली, मद्रासला बनलेली. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर बोल्टने बसवलेली असते, म्हणून आम्ही ती अख्खी उचलून चासी धुतली, तेल-पेट्रोल सगळं काढलं आणि किल्लीला हात लावण्याआधी इंजिन खोललं. ट्रायम्फ स्पिटफायर ही १९६२ ची स्पोर्ट्स गाडी त्याच हेराल्डच्या चासीतून निघाली. हे काम बघून पुण्याहून एक स्पिटफायर आली, आणि तिच्यामागून इतर.

आमचं वर्ष पावसावर चालतं. जून ते सप्टेंबर रंगकाम बंद, कारण दमट हवेत रंग पांढरट पडतो. लाकूडही तेव्हा फुगलेलं असतं, म्हणून आम्ही सांधे कापत नाही. त्या महिन्यांत इंजिन, वायरिंग, कार्ब्युरेटर. दिवाळीनंतर लाकूड आणि पत्रा, थंडीत रंग. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खातं, म्हणून प्रत्येक गाडीला पेट्रोलचे पाइप वायटॉनचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे, घालतो आणि उभ्या गाडीची टाकी रिकामी ठेवायला सांगतो. प्लॅस्टिकचं कव्हर तर कोकणात घालूच नका. खाली पाणी सुटतं. सुती कव्हर घाला, हवा खेळू द्या.

कागदपत्रांचं बरंच सोपं झालं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची, नवीन नोंदणीला शुल्क २० हजार रुपये. आधी नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्या नोंदीला व्हीए मालिका. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही.

आम्ही एकदम ठोक रक्कम सांगत नाही. गाडी खोलल्याशिवाय ती सांगणं खोटेपणा होईल. दर महिन्याला तासांचा हिशेब आणि फोटो जातात, मालकाला हवं तेव्हा काम थांबवता येतं. शेडमध्ये एका वेळी दोनच गाड्या घेतो. सध्या एका बाजूला एमजीए आहे, चासीवर झिंक प्रायमर चढलाय, गाडीच्या तळाच्या फळ्या तात्यांच्या मुलाने कापून ठेवल्यात. तात्या स्वतः आता बसून बघतात आणि फळी चुकीच्या बाजूने धरली की पोराला हाक मारतात. आयटीआय झालेली दोन मुलं शिकायला आहेत, त्यांना आधी व्हिटवर्थचे पाने ओळखायला लावतो.

गाडी दाखवायची असेल तर दिवाळीनंतर आणा. चालत नसेल तर ट्रेलरवर आणा, वाटेत सुरू करून बघू नका. आणि जुने सुटे भाग, गंजलेला स्क्रूसुद्धा, डब्यात भरून सोबत द्या. नवा भाग करताना माप त्यावरूनच मिळतं.