मार्गशीर्ष वद्य ३०

शेताच्या वारसा नोंदीसाठी पणजोबांच्या मृत्यूचे साल हवे होते, म्हणून एका दुपारी मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तीत लाल बासनात बांधलेल्या त्यांच्या रोजकीर्दी निघाल्या आणि साल शोधायचे तसेच राहिले.

खानापूर तालुक्यातले आमचे घर जागचे कधी हलले नाही, पण त्याचे कागद मात्र बरेच फिरले. पणजोबा मोडीत लिहीत, आजोबांच्या वेळचा उतारा बाळबोधीत आहे, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतर केव्हातरी पणजोबांच्या नावाला कन्नड उताऱ्यात 'आप्पा' चिकटला. तो मला आवडतो. कोणीतरी लाडाने हाक मारल्यासारखे वाटते.

मोडी मी चाळिशीनंतर शिकलो. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे टांगत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. शाळेत नेमक्या त्याच ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्लेल्या मला पणजोबांचा हेवाच वाटला.

मात्र पैशांखेरीज कशाविषयीही ते चकार शब्द लिहीत नाहीत. मुलगा झाला तर 'सुईणीस लुगडे १', आई गेली तर गोवऱ्या आणि तूप. शिल्लक जुळली की दिवस संपला. या माणसाला कधी राग येत असे की नाही, हे कळावे म्हणून मी शेवटी खाडाखोड न्याहाळू लागलो.

अशातच शके १८४६, मार्गशीर्ष वद्य ३० या तारखेला 'बेळगावी जाणे, तिकिटे २' अशी नोंद सापडली. हिशेब केला, तर तो दिवस २६ डिसेंबर १९२४ निघाला. म्हणजे गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावात सुरू झाले तो दिवस! त्या अधिवेशनाला पाणी पुरवण्यासाठी खोदलेल्या टिळकवाडीतल्या विहिरीपाशी मी लहानपणी कितीदा तरी खेळलो होतो. शिवाय ती अमावास्या होती, आणि चाळलेल्या अकरा वह्यांत पणजोबांनी अमावास्येला वेस ओलांडल्याची दुसरी नोंद नव्हती. एवढा कर्मठ माणूस गांधीजींसाठी नियम मोडून गेला, या कल्पनेने मला भरून आले आणि मी लगेच आत्याला फोन लावला.

"गांधी कुठले रे? दाढ दुखत होती की त्यांची," आत्या म्हणाली. "आजी सांगायची की, गाल असा सुजला होता म्हणून. अमावास्या बघत बसतंय होय कोण!"

कीर्द पुन्हा उघडली. त्या नोंदीच्या वरच 'लवंगा ६ पै' असे स्वच्छ लिहिलेले होते. मघाशी ते वाचूनही मी पुढे गेलो होतो. तिकिटे दोन म्हणजे माणसे दोन की जाण्याचे एक आणि येण्याचे एक, हेही आता कोण सांगणार?

मृत्यूचे साल अजून हवेच आहे. स्वतःच्या गोवऱ्यांचा खर्च त्यांनी काही लिहिला नसणार. तेव्हा उरलेल्या वह्यांत आता फक्त अक्षर बदललेले पान शोधायचे आहे. बासन सोडून ठेवले आहे, पण दोन दिवस झाले, त्याला हात लावलेला नाही.