तुम्ही विचारलंत म्हणून: तो स्फोट डोक्यावर आला तर?

किनाऱ्यावर आकाश बघायला माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "बाई, ते गॅमा किरणांचे स्फोट म्हणतात ना, तसला एखादा आपल्या डोक्यावर आला तर?"

आला होता. ९ ऑक्टोबर २०२२, कोजागरी. गुहागरला मागीलदारी मी चुलीवर दूध आटवत होते. पातेल्याच्या कडेला धरलेली साय उलथन्याने सोडवून परत दुधात ढकलत होते, जायफळ किसायचं राहिलं होतं. संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटं. अभिजित आणि श्रवण या दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेतून निघालेला गॅमा किरणांचा (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) लोट त्या क्षणी पृथ्वीवर पोचला. ती जागा तेव्हा आपल्या आकाशात कुठे होती, याचा हिशेब मी नंतर मांडला. जवळजवळ थेट माथ्यावर! उत्तर दोनदा तपासलं, मग बराच वेळ नुसती वहीकडे बघत बसले.

ते किरण निघाले १९० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता. सूर्याच्या कितीतरी पट जड असा एक तारा, इंधन संपलं आणि आपल्याच भाराने आत कोसळला. गाभ्याचं कृष्णविवर झालं. त्याच्याजवळून दोन विरुद्ध दिशांना अरुंद झोत सुटले, जवळपास प्रकाशाच्या वेगाने ताऱ्याला भोकं पाडून बाहेर पडले. एकाच्या वाटेत आपण होतो. (दोन सेकंदांच्या आत संपणारे स्फोट बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठे तारे कोसळल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गाभ्यांच्या, टकरीतून होतात. ते पुन्हा कधीतरी.)

हे किरण टिपणाऱ्या उपग्रहांची उपकरणं त्या दिवशी दिपून गेली. इतका प्रखर स्फोट १० हजार वर्षांतून एखादाच, असा अंदाज आहे. वातावरणाच्या वरच्या थरातल्या अणूंमधून त्याने इलेक्ट्रॉन उडवले, आणि तिथून परतणाऱ्या रेडिओ लहरींत तो फरक नोंदला गेला. खाली माणसाला काहीच झालं नाही. हवेने किरण वरच अडवले. खरा धोका व्हायचा तर तारा काही हजार प्रकाशवर्षांच्या आत कोसळायला हवा, शिवाय झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे हवं.

ऑक्टोबरात या. दिवेलागणीनंतर मान पूर्ण मागे टाकायची. अभिजित दाखवीन, श्रवण दाखवीन, आणि दोघांमधली, श्रवणाच्या जरा जवळची ती जागा. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. मी दर वेळी बघते.