जीटा डायरी, आठवडा ७: एक शून्य खाल्लं

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये, जीटा या मोठ्या बाजाराच्या सिस्टिममध्ये (सूर्यमालेत) मी व्यापार शिकतोय, त्याचा हा हिशोब. रोकड २३ कोटी इस्क (गेमचं चलन), माल अंदाजे १८ कोटींचा. मागच्या आठवड्यात सगळं मिळून ३८ होतं, म्हणजे वाढ फक्त ३ कोटींची. खरं तर ११ व्हायला हवी होती. मधले ८ कुठे गेले ते लिहितो, कारण ही चूक आपल्या लोकांकडून जास्त होत असणार असा माझा संशय आहे.

नवीन वाचकांसाठी: ईव्ह ऑनलाइनमध्ये खेळाडूने खेळाडूला गंडवणं नियमात बसतं. नवख्यांच्या सुरुवातीच्या सिस्टिम्सना थोडं संरक्षण आहे. खऱ्या पैशांनी इस्क विकायला बंदी आहे. बाकी जीटात कोणी टोपी घातली तर तक्रार करून उपयोग नाही. त्यामुळे इथे व्यापार शिकणं म्हणजे निम्मं काम नीट वाचायला शिकण्याचं.

मंगळवारी दुपारी साडेचारचा रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद असण्याची वेळ) संपल्यावर लॉगिन केलं. लोकल चॅट नेहमीसारखं धो धो वाहत होतं. त्यात एक कॉन्ट्रॅक्टची लिंक: 'अमुक फॅक्शन मॉड्यूल (जहाजाचा एक खास सुटा भाग) हवंय, ९५ मिलियन देतो.' तेच माझ्याकडे पडून होतं. बाजारात तेव्हा ९० च्या आसपास भाव. उघडलं, वस्तू बरोबर, आकडा ९,५००,०००. डोळ्यांनी 'नऊ, पाच आणि पुढे भरपूर शून्यं' एवढंच पाहिलं आणि स्वीकारलं. खात्यात ९५ लाख आले.

आपल्याला स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी बघायची सवय. ९५,००,००० लिहिलं असतं तर झोपेतसुद्धा कळलं असतं. गेममध्ये तो दर तीन अंकांनी येतो, आणि मनातला हिशोब मात्र कोटीत चाललेला. आता नियम केलाय: उजवीकडून स्वल्पविराम मोजायचे. दोन असतील तर मिलियन, म्हणजे १० लाखांच्या पटीत. तीन असतील तर बिलियन, म्हणजे १०० कोटींच्या. मग कागदावर आपल्या पद्धतीने लिहायचं आणि तेव्हाच बटण दाबायचं. बायको म्हणते, गेम खेळताना वही घेऊन बसणारा तू पहिलाच.

कॉन्ट्रॅक्टचं शीर्षक कोणीही काहीही लिहितं, हे माहीत असून विसरलो. शीर्षकात 'रेव्हन नेव्ही इश्यू' हे महागडं जहाज आणि आत साधं रेव्हन, हा तर जुनाच माल. आपण काय देणार आणि आपल्याला काय मिळणार, या दोनच ओळी खऱ्या.

गुरुवारी मात्र वाचलो, तेही पैसे कमी होते म्हणून. हमालीचं कॉन्ट्रॅक्ट होतं: सहा जंप (एका सिस्टिममधून दुसरीत उडी), भाडं २ कोटी, अनामत २५ कोटी. माझ्याकडे रोकड २३. थोडा माल विकून अनामत भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात पोचवायचा पत्ता नीट पाहिला. खेळाडूने बांधलेलं स्टेशन. साधी शटल घेऊन तिथे गेलो तर डॉकिंगला परवानगीच नाही. माल पोचवता आला नसता, मुदत संपली असती आणि माझी अनामत काम देणाऱ्याच्या खिशात गेली असती. आज परवानगी मिळाली तरी मालक उद्या ती काढू शकतो, म्हणून आता फक्त गेमच्या स्वतःच्या स्टेशनांचं काम घेतो. तिथेही भाडं फारच गोड असेल तर वाटेत जहाज फोडायला काम देणाऱ्याचीच माणसं बसलेली असू शकतात. कॉनकॉर्ड, म्हणजे गेममधलं पोलीसदल, हल्लेखोराला उडवतं, पण तोवर आपलं जहाज गेलेलं असतं.

'इस्क दुप्पट करून देतो' वाल्यांबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने १० लाख पाठवले, २० लाख परत आले. मग त्याने ५ कोटी पाठवले. तो सध्या खनिज खणतोय.

पुढच्या आठवड्यात बॅजर हे मालवाहू जहाज घेऊन दोडिक्सी या दुसऱ्या बाजाराची पहिली फेरी. वाटेत मालवाहू जहाजं फोडणाऱ्यांसाठी बदनाम असलेली उएदामा सिस्टिम लागते, म्हणून एका खेपेला ३ कोटींच्या वर माल भरणार नाही आणि ऑटोपायलट बंद. फॅक्शन मॉड्यूल अजून एक शिल्लक आहे. ते सरळ मार्केटवर लावलंय, ८९ मिलियनला, वहीत ८,९०,००,००० लिहून.